बाप जिवंत असताना

भटू न्हाव्याचा वस्तरा ह्यांच्या डाव्या गालावर घसरला, आणि हे मिरचीच्या भावाबद्दल बोलतच राहिले. झालं ते एवढंच. मी उंबऱ्यात सूप घेऊन गव्हातले खडे वेचत होते, समोर ओट्यावर हे पाटावर बसलेले, गळ्यात जुनं धोतर बांधलेलं. रक्ताची एक बारीक रेघ गालावरून निघाली, साबणाच्या फेसात शिरली, फेस गुलाबी झाला, आणि हे म्हणत होते, "भटू, ती काय मिरची शे? रंग नही, ठसका नही, नुसतं बी भरेल शे." भटूचा हात हवेत थांबला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. चाळीस घरांच्या हनुवट्या सांभाळणारा माणूस, त्याला कापण्याची भीती नव्हती. कापल्यावर माणूस 'आई गं' म्हणतो, शिवी देतो, निदान डोळा तरी मिटतो, ते काहीच झालं नव्हतं, त्याची भीती होती. "शेठ," तो म्हणाला, "लागनं का?" "काय लागनं?" हे म्हणाले, आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हात गालाला लावला, बोटं लाल झाली, आणि क्षणभर ती बोटं दुसऱ्या कुणाची असावीत तशी ते बघत राहिले. मग हसले. "तुन्हा वस्तरा बोथट व्हयी गया रे भटू." बोथट. बोथट वस्तऱ्याने गाल कापत नाही हे मला कळतं, भटूला कळतं, ह्यांनाही कळतं; पण नंदुरबारच्या त्या सकाळी आम्ही तिघांनी मिळून वस्तऱ्याला बोथट ठरवलं. भटूने फटकरी फिरवली, मिशीची टोकं दोन्हीकडे सारखी केली, अगदी डोळे बारीक करून, आणि आरसा समोर धरला. ह्यांनी आरशात मिशी पाहिली. फक्त मिशी. त्या मिशीमुळे तर सगळं अडलं होतं. मला वाटलं, हातातलं सूप भिरकावून द्यावं.

गाल मेला होता. मला ते मुंबईतच कळलं होतं. तिथल्या मोठ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरने कापसाची वात करून ह्यांच्या गालावर फिरवली होती आणि विचारलं होतं, "डोळे मिटा. लागतंय तेव्हा हो म्हणा." हे डोळे मिटून बसले आणि बरोबर हो म्हणत गेले. डॉक्टर खूश. मी शेजारी उभी होते म्हणून मला दिसलं की ह्यांच्या पापण्या पूर्ण मिटलेल्या नव्हत्या. फटीतून डॉक्टरांचं कोपर हललं की हे हो म्हणत होते. शाळेत दुसऱ्याच्या पाटीवर बघून उत्तर लिहावं तसं. मी सांगितलं, "डॉक्टरसाहेब, ते बघतायत." हे माझ्यावर असे चिडले, जसं मी त्यांचं वजनकाट्यातलं पाप बाहेर काढलं. डॉक्टरांनी मग डोळ्यांवर रुमाल बांधला, आणि उजव्या गालावर हो आलं, कपाळावर हो आलं, डाव्या गालावर मात्र कापूस फिरत राहिला, फिरत राहिला, आणि हे गप्प. रुमालाखाली तोंड थोडं उघडं, वाट बघितल्यासारखं. त्या शांततेत बाहेर कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला तेव्हा हे घाईने म्हणाले, "हो."

कसं कळावं पण. आमच्या गावात पौष-माघात कुणाचं नाक वाहत नाही? गावाबाहेर मैलभर लाल पथारी पसरलेली, मिरची वाळतेय, वारा सुटला की सगळं नंदुरबार शिंकतं. कलेक्टर आला तर तोही शिंकेल. पथारीवर मिरची उलथवणाऱ्या बाया नाकातोंडाला फडकं बांधून असतात, डोंगरातल्या पोरी, एकमेकींना ढुसण्या देत हसतात, आणि हे त्यांच्यामध्ये उघड्या नाकाने फिरणार, कारण मिरचीच्या मालकाने फडकं बांधलं तर गिऱ्हाईक म्हणेल, मालकालाच सोसत नाही. त्यामुळे पहिल्या हंगामात डावी नाकपुडी चोंदली, तेव्हा मिरची. शेंबडात रक्त दिसलं, तेव्हा मिरची, आणि वर उष्णता. दुसऱ्या हंगामात वरची दाढ हलायला लागली. जेवताना, कळण्याच्या भाकरीचा तुकडा तोंडात असताना, त्यांनी ती दाढ दोन बोटांनी ओढून काढली आणि ताटाच्या कडेला ठेवली, वर मला म्हणाले, "दख वं, रगतबी नही उनं." कौतुक होतं त्यात. मीही म्हटलं, बरं झालं, डॉक्टरची खेप वाचली. आज वाटतं की त्या दाढेला उचलून उन्हात धरून बघायला हवं होतं, बाजारात बोकडाचे दात बघतात तसं. पण मी ताट विसळलं. नंतर ते भोक काही भरेना. चहा प्यायला की नाकातून खाली यायचा. मग हे मान उजवीकडे कलती करून चहा प्यायला लागले, आणि मला वाटलं, काहीतरी नवीन ऐट. बायकांना नवऱ्याच्या ऐटी इतक्या माहीत असतात की त्यांतून आजार निवडून काढणं म्हणजे मोहरीतून बाजरी वेचणं.

मुंबईचे डॉक्टर चांगले होते. मला तेव्हाही राग आला नाही त्यांचा, राग आला तो ह्यांचा. त्यांनी कागदावर कवटी काढली, गालाच्या हाडाच्या आत एक पोकळी असते ती दाखवली, रिकामी खोलीच म्हणा, आणि म्हणाले, ही खोली आता रिकामी नाही. हाडाला भोक पाडून ते बाहेर आलं आहे. नुसतं कापायचं तर वरचा अर्धा जबडा जाईल, कदाचित डोळाही, आणि तरी मुळं राहतील. नुसती किरणं द्यायची तर एवढ्या मोठ्या गाठीला ती पुरत नाहीत. म्हणून ते आता दोन्ही एकदम करून बघतायत: कानापुढच्या शिरेत बारीक नळी घालून पिवळं औषध थेंबथेंब थेट गाठीत सोडायचं, आणि त्याच दिवसांत कोबाल्टच्या मशीनची किरणं. औषधाने गाठ हलते, कमजोर होते, आणि त्याच वेळी किरण तिला धरतं. "एक आधी, एक नंतर, असं नाही चालणार," ते म्हणाले, "जोडीनेच." तोंड सोलून निघेल, थुंकी आटेल, उलट्या होतील, गाल भाजल्यासारखा काळा पडेल. आणि बरं होईल का? डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "नवीन आहे. फार लोकांना दिलेलं नाही अजून. पण काहीच न करता पाठवलं तर मला माहीत आहे काय होईल." मला हे आवडलं. खोटं बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, मला हे सगळं कळतंय, कारण मिरचीचंही तसंच आहे. नुसतं ऊन दिलं तर वरून वाळते आणि आतून काळी पडते, नुसती उलथत बसलं तर सडते. उन्हात असतानाच उलथावी लागते. मी मराठी चौथीही पूर्ण केलेली नाही, पुड्यांचे कागद वाचून वाचून अक्षरं पक्की केली, पण कॅन्सरचे डॉक्टर मला कळले. ह्यांना कळले नाहीत, कारण हे पुढच्याच वाक्यावर अडले.

पुढचं वाक्य असं होतं: "चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घ्यावा लागेल, रोज डोकं एकाच जागी राहायला हवं म्हणून. तर उद्या सकाळी दाढीबरोबर मिशीही काढून या."

हे म्हणाले, "मिशी?"

"हो. प्लास्टरला चिकटेल. आणि तशीही डावीकडची किरणांनी गळेलच."

हे उभे राहिले. धोतराचा सोगा नीट केला. आणि अगदी शांतपणे, दुकानात नको असलेला भाव ऐकल्यावर बोलतात तसं, शुद्ध मराठीत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझा बाप जिवंत आहे."

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. त्यांना वाटलं, म्हातारा वडील, त्यांची काळजी, काय सोय. मला त्यांना समजावून सांगावं लागलं की आमच्यात मिशी बाप गेल्यावर उतरते, एरवी नाही. मिशी उतरवलेला माणूस रस्त्यात दिसला की लोक चप्पल काढून उभे राहतात आणि विचारतात, कधी गेले? आणि बाप जिवंत असताना उतरवली तर ते बापाचं मरण मागितल्यासारखं. सांगताना मला स्वतःलाच ऐकू येत होतं की हे किती वेडगळ आहे, आणि तरी सांगताना माझा आवाज ह्यांच्या बाजूचा होता. तोही एक संतापच. शेवटी डॉक्टर म्हणाले, "पुढच्या आठवड्याची तारीख देतो. त्यापुढे मात्र मी थांबायला सांगणार नाही, आणि ती गाठही थांबणार नाही." सुरतमार्गे परत येताना हे खिडकीशी बसले, मिशीवरून हात फिरवत. शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालंय भाऊंना?" मी म्हटलं, "केस."

मग नंदुरबारला तो आठवडा. ह्यांनी सगळ्यांना सांगितलं की मशीनवर गर्दी आहे, नंबर लागायचा आहे. लोक बघायला यायला लागले. बघायला येणं ही आमच्याकडची दुसरी हवा. गिरधरशेठच्या गालावर सूज आहे म्हटल्यावर प्रत्येकजण आपापलं औषध घेऊन आला: कुणी निंबोळीचं तेल, कुणी म्हणालं गालावर डाग द्या, बैलाला देतात तसा, त्याने आतलं जळून जातं. म्हणजे जाळायला हरकत नव्हती कुणाची. लोखंड लाल करून चेहऱ्यावर टेकवायला सगळे तयार, त्यात धर्म बुडत नव्हता. बुडत होता तो चार बोटं केसांत. मी चहा करत होते. आलेल्यांना चहा, ह्यांना चहा, ह्यांची मान उजवीकडे. सरलाबाई, आमची शेजारीण, माझ्या कानात म्हणाली, "रात्री झोपेत कापून टाका ना वहिनी, म्हणायचं उंदराने कुरतडली." हसलो आम्ही. मग मला खरंच वाटलं की कापावी. पण मग कळलं की त्याने होणार नाही. उंदराने नेली तरी हे घराबाहेर पडणार नाहीत, मुंबई दूरच. मिशी ह्यांच्या तोंडावर होती, पण ती ह्यांची नव्हती. ती मामाजींची होती, माझ्या सासऱ्यांची. मालकाच्या तोंडून सुटल्याशिवाय ती सुटणार नव्हती.

आणि ती सकाळ, भटूचा वस्तरा, रक्त, भाव. फटकरीचा खडा परत डब्यात टाकून भटू गेला तेव्हा मी सूप भिंतीला टेकवलं आणि आत जाऊन लुगडं बदललं. ह्यांना म्हटलं, "गावाला जाऊन येते, मंगलाबाईंकडे पापडाचं पीठ द्यायचंय." "ह्या दिसमा पापड?" हे म्हणाले. मी म्हटलं, "हो." आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण खोटं बोलताना एकच शब्द वापरायचा हे मी ह्यांच्याकडूनच शिकले.

आमचं मूळ गाव तापीच्या अलीकडच्या काठाला, समोर सारंगखेडा दिसतं. एस्टीत बसले तेव्हा मला जी भीती होती ती मामाजींच्या नकाराची नव्हती. साधी गोष्ट होती आणि ती मी कुणालाच सांगू शकले नसते: मी मामाजींशी कधी बोललेच नव्हते. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा मी चौदा वर्षांची, आणि तेव्हापासून ते आजतागायत त्यांच्यासमोर पदर नाकाखाली ओढलेला, त्यांना उद्देशून अक्षर नाही. आमच्यात सुनेने सासऱ्यासमोर बोलायचं नसतं. पाणी हवंय का, हे विचारायचं तर पदराआडून म्हशीला कुजबुजायचं: "पानी देऊ का वं?" आणि मामाजींनी म्हशीकडे बघून मान हलवायची. तुम्हाला हसू येईल, पण त्यात एक सोय होती. म्हशीमार्फत कुणी भांडत नाही. त्यांच्या पायांच्या टाचा मला पाठ होत्या, कारण पदराखालून तेवढंच दिसायचं. भेगा कुठे, नख कुठे वाकडं. चेहरा मी नीट पाहिलेला नव्हता. सासू गेली तेव्हा त्यांच्या रडण्याचा आवाज ऐकला, तो भिंतीपलीकडून. ज्या माणसाच्या टाचा ठाऊक आहेत त्याच्याकडे मुलाची मिशी मागायची होती. एस्टी कापसाच्या गाड्यांमागे रखडत होती. माझ्या शेजारचा माणूस बिडीचा धूर माझ्या अंगावर सोडत होता, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते, जसं काही मी ती बोलणार होते.

बोलणार होत्या मंगलाबाई. माझी थोरली नणंद, विधवा झाल्यावर बापाकडे परतलेली, आणि सासरा-सुनेमधला पूल. पूल म्हणायचं, पण तो असा की पलीकडे पोचेपर्यंत गाडीतलं अर्धं सामान नदीत. मामाजी अंगणात बाजेवर बसले होते, डोळ्यांत मोतीबिंदू, हातात तंबाखूचा बटवा. मी खांबाआड बसले, पदर ओढला, आणि मंगलाबाईंच्या कानात सगळं सांगितलं. गाठ, हाडाचं भोक, पिवळं औषध, मशीन, जोडीनेच, साचा, मिशी. मंगलाबाईंनी ऐकलं, डोळे पुसले, घसा साफ केला आणि बापाला म्हणाल्या, "आबा, वहिनी सांगी ऱ्हायनी, गिरधरना दात दुखस."

"दात दुखस त काढी टाका," मामाजी म्हणाले.

"काढेल शे. तरीबी दुखस. म्हनून डॉक्टर सांगस, मिशी काढनी."

"दात दुखस त मिशी कसाले काढनी?"

यात चूक मामाजींची नव्हती. मी मंगलाबाईंचा हात दाबला, कानात म्हटलं, "बाई, दात नाही. कॅन्सर सांगा." मंगलाबाई मला कुजबुजल्या, "तो शबद आबापुढे कसा बोलू वं, जीव जाई त्यान्हा." आणि मोठ्याने: "दातमा जरासा कीडा शे, आबा. मोठा कीडा." मामाजी तंबाखू मळू लागले. कीड असेल तर रिंगणीच्या बियांची धुरी द्या, म्हणाले. डोंगरातला कोण एक भगत दाढेतला किडा नळीतून बाहेर काढून दाखवतो, म्हणाले. मंगलाबाई मला म्हणाल्या, "आबा सांगतात, धुरी द्या." जसं मला ऐकूच येत नव्हतं. खांबाच्या आड बसून मी ऐकत होते, आणि माझ्या नवऱ्याचं मरण माझ्या डोळ्यांदेखत, प्रेमाने, काळजीने, मऊ मऊ होत होतं. आधी दात झालं, मग कीडा झालं, आता थोड्या वेळात धूर होऊन उडून जाणार होतं. मंगलाबाई रडत होत्या, खऱ्या रडत होत्या. त्या रडण्याचाच मला असा वीट आला. पदराच्या आत माझा स्वतःचा श्वास मला गरम लागत होता, कांद्याचा वास येत होता त्याला, आणि एकाएकी वाटलं, मी हाच श्वास चौदाव्या वर्षापासून परत परत घेतेय. मी उठले. पदर कपाळावर सरकवला, खांबाच्या पुढे आले, आणि म्हटलं:

"दात नाही, मामाजी. कॅन्सर आहे. गालाच्या आत आहे, हाड फोडून आलाय. औषध आणि मशीन, दोन्ही एकदम द्यायचं म्हणतात, तरच काही आशा आहे. त्याला मिशी काढावी लागते. हे म्हणतात, बाप जिवंत असताना नाही काढणार. मी तुमच्याकडे ती मागायला आले."

मंगलाबाईंच्या तोंडावर हात गेला. अंगणात कुठेतरी कोंबडी कोकलत होती. मामाजींनी तोंड माझ्या दिशेने वळवलं, थोडं चुकीच्या दिशेने, खांबाकडे. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. लहान चेहरा होता. इतक्या मोठ्या टाचांवर एवढासा चेहरा. पांढऱ्या मिशा तंबाखूने पिवळ्या पडलेल्या. मला वाटलं, आता चप्पल येईल, नाहीतर शिवी. ते म्हणाले, "हाऊ तुन्हा आवाज शे व्हय?"

मी म्हटलं, "हो."

"मी समजू, बारीक व्हई." मळलेली तंबाखू त्यांनी खाल्ली नाही, तळहातातून खाली झटकली. "मन्ही काठी दे वं मंगला."

ते आले. माझ्या अंदाजात ते मला परवानगी देणार होते, मी ती पदराला बांधून आणणार होते. माणूसच उठून येईल हे धरलेलं नव्हतं. एस्टीत मी त्यांच्या शेजारी बसले, दोघांत एका माणसाची जागा सोडून, आणि त्या जागेत कुणी बसेना. वाटेत ते एकच बोलले, पुढे बघत. "दोन्ही संगेच देनं पडस?" मी म्हटलं, "संगेच." त्यांनी मान हलवली. मला वाटलं मिरचीचं समजावून सांगावं, पण त्यांना हयातभराची शेती होती, त्यांना माझी मिरची कशाला.

घरी ह्यांनी बापाला दारात पाहिलं. पायांना वाकले, उठले, माझ्याकडे असं पाहिलं की त्यात पापडाचं पीठ, विश्वासघात, सगळं आलं. मामाजी पाटावर बसले. "भटूले बलावा," म्हणाले. भटू आला, हातात डबा, दारातच त्याला कळलं. मामाजी म्हणाले, "ह्यानी मिशी उतराव." भटू डबा छातीशी धरून म्हणाला, "आबा, तुम्ही माले मारी टाका, पन हाई काम सांगू नका. तुम्ही समोर बशेल शे, आन् मी मिशी उतारू? मन्हा हात झडी जाई. मन्ही बायको माले घरमा घेवाव नही." आणि तो खरंच गेला, डबा तिथेच टाकून, चपला हातात घेऊन. हे हसले. इतका आनंद झाला त्यांना की डोळ्यांत पाणी आलं. "दखं, आबा? न्हावीबी तयार नही."

"मंग मी करस," मामाजी म्हणाले.

त्यांनी डब्यात चाचपून वस्तरा काढला, उघडला, अंगठ्याने धार पाहिली. डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्यांनी डावा हात पुढे करून मुलाचं तोंड शोधलं, पहिल्यांदा कान सापडला, मग नाक. हे मागे सरकले, भिंतीला टेकले, त्यांच्या कपाळावर घाम आला. "आबा, कापशाल." "बठ." "आबा, नाक जाई मन्हं." "जावू दे. मुंबईवाला त बी काढतीनच." आणि वस्तरा हवेत, ह्यांच्या डोळ्यासमोर, दिशा शोधत. मला एक क्षण हसू आलं. मग भीती वाटली. मग असा राग आला, ह्या दोघांचा, ह्या घराचा, ह्या पुरुषांच्या तोंडावरच्या केसांचा, की मी पुढे होऊन मामाजींच्या हातातून वस्तरा काढून घेतला. त्यांच्या बोटांना माझी बोटं लागली. तेही पहिल्यांदा. म्हटलं, "सोडा. मी करते." आणि ह्यांना म्हटलं, "तोंड वर करा."

मी आयुष्यात वस्तरा धरलेला नव्हता. कैऱ्या सोलल्या होत्या हजारो. साबण लावला, फेस केला, मिशी फेसात बुडाली. ह्यांनी डोळे मिटले, आणि ह्या वेळी खरेच मिटले. मी उजवीकडून सुरुवात केली. केस राठ होते, आवाज येत होता, कोरडं गवत कापल्यासारखा. लग्नापासून मी ह्या माणसाचा वरचा ओठ पाहिलेला नव्हता. उजवीकडे तो निघाला: पांढरा, पातळ, ऊन न लागलेला, पोरासारखा. मग मी डावीकडे आले, आणि केसांखालून जे निघालं त्यावर माझा हात थांबला. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जी घडी असते, सगळ्यांना असते, ती तिथे नव्हती. कातडी ताणलेली, चकाकणारी, जांभळट. ओठ आतून ढकलल्यासारखा पुढे आलेला, आणि नाकपुडीच्या मुळाशी एक टणक उंचवटा, कातडीच्या अगदी जवळ, बाहेर यायला निघालेला. मागच्या दिवाळीपासून ह्यांनी मिशी रुंद केली होती, खाली सोडली होती. मी म्हटलंही होतं, म्हातारपणी काय नाटक कंपनीत जायचंय का. भटू दर वेळी दोन्ही टोकं सारखी करायचा. आरशात हे फक्त मिशी बघायचे, कारण मिशी होती तोवर बघण्यासारखं तेवढंच होतं. हा माणूस महिनोन्‌महिने त्या मिशीमागे लपला होता, वर आता बापाचं नाव पुढे करत होता, आणि मी मुंबईच्या डॉक्टरांसमोर त्याच्या बापाची बाजू मांडत होते. मला ओरडायचं होतं. मी ओल्या फडक्याने फेस पुसला, हळू, जिथे लागणार नव्हतं तिथे जास्तच हळू.

ह्यांनी डोळे उघडले नाहीत. "व्हयनं?" त्यांनी विचारलं. "झालं," मी म्हटलं. "तुले दिसनं?" "दिसलं." त्यांच्या उघड्या ओठावर उजव्या बाजूला कंप आला, डावी बाजू तशीच राहिली.

मामाजी पुढे सरकले होते. त्यांचा हात पुन्हा आला, या वेळी त्यांना तोंड लगेच सापडलं. बोट उजव्या ओठावरून फिरलं, नाकाखालून डावीकडे गेलं आणि त्या उंचवट्यावर थांबलं. दाबलं नाही. शेतात ढेकूळ हातात धरून ओल बघतात तसं ते बोट तिथे राहिलं, खूप वेळ. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मला वाटलं आता ते रडतील, मग हे रडतील, मग मला दोघांना पाणी द्यावं लागेल, आणि गाडीची वेळ तशीच निघून जाईल.

"गाडी कव्हय शे?" मामाजी म्हणाले.

"सकाळची आहे," मी म्हटलं.

"मी बी येस." ते काठी शोधू लागले, आत्ताच निघायचं असल्यासारखे. "मशीनना जवळ मी बठसू. पोऱ्याले एकला नही सोडाव."

"आबा, तुम्ही कसाले येतस..." हे म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला, आणि दोघंही एकदम बोलायला लागले, कोण येणार, कुठे उतरायचं, सुरतेला ओळखीचं कोण आहे, कुणाच्या घरून डबा येईल, आणि मला पुढचे कित्येक आठवडे दिसले: पिवळ्या थेंबांखाली एक जण, ओसरीत काठी घेऊन न दिसणाऱ्या डोळ्यांचा दुसरा, आणि मी मध्ये, पदर ओढून, त्या अनोळखी शहरात म्हशीही नाहीत अशा ठिकाणी.

"नाही," मी म्हटलं.

दोघं थांबले. मामाजींनी तोंड माझ्याकडे वळवलं, ह्या वेळी बरोबर माझ्याकडे.

"तुम्ही इथेच राहायचं, मामाजी. डोळ्यांनी दिसत नाही, गर्दीत हरवलात तर मी कुणाला शोधू? सरलाबाई जेवण देईल. पथारीवर लक्ष ठेवा, माल उलथवायला लागेल. यांना मी नेते."

एवढ्या मोठ्याने मी त्या घरात कधी बोलले नव्हते. ह्यांनी उघड्या ओठाने माझ्याकडे पाहिलं. मामाजी काठी धरून उठले होते, ते पाय चाचपत मागे गेले, पाट सापडला, आणि बसले.